डेकच्या सात नव्या फळ्या



मागच्या लेखात बेसमेंटच्या ओलाव्याबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी 'आता डेकबद्दल लिहा' असं सुचवलं. मी टाळत होतो, कारण आमच्याच डेकची अवस्था चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. आता सांगता येईल अशी झाली आहे. पूर्ण बरी नाही, पण सांगता येईल इतकी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ग्रिलवरचं झाकण काढायला बाहेर गेलो आणि दाराजवळची एक फळी पायाखाली पचकन दबली. बूट घोट्यापर्यंत आत. पाय मुरगळला नाही हे नशीब. वाकून पाहिलं तर फळीचा वरचा रंग शाबूत आणि आत नुसता भुसा. छपराच्या पन्हाळीचा उभा पाइप नेमका तिथेच सुटतो, वरून मेपलची पानं साचतात आणि हिवाळाभर बर्फ तिथेच लोटला जातो. दुरुस्त करायला हवं हे दोन वर्षांपासून दिसत होतं. मी दोन वर्षं त्यावर पायपुसणं टाकून ठेवलं होतं.

स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक फळी टोचत गेलो. धडधाकट लाकडात टोक शिरत नाही, कुजलेल्यात ते लोण्यासारखं जातं. सात फळ्या बाद निघाल्या, पाच दाराजवळच्या आणि दोन पायऱ्यांकडच्या. खालच्या वाशांपैकी एक वरून मऊ झाला होता, त्याला शेजारी दुसरा वासा जोडून दिला. घराला डेक जिथे जोडलेला असतो ती आडवी पट्टी मात्र ठणठणीत होती. तुमचा डेक जुना असेल तर रंगाआधी ती पट्टी बघा. फळी मोडली तर पाय जातो, ती पट्टी सुटली तर डेकवरची सगळी माणसं खाली जातात.

सात फळ्या बदलणं म्हणजे एका शनिवारचं काम, असं मला वाटलं. घाईही होती. जूनमध्ये बाबा येणार होते.

बाबा म्हणजे माझे वडील, मुक्काम बोरगाव, तहसील सौंसर. जिल्हा आता पांढुर्णा. 2023 साली छिंदवाड्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला, पण बाबांच्या तोंडून अजून छिंदवाडाच निघतं. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरून जाताना औद्योगिक वसाहत दिसते ते आमचं गाव. मध्य प्रदेशातलं असलं तरी घराघरांत मराठी, आणि शेतात संत्री. बाबांचं वय आता 78. त्यांच्या शेवटच्या फेरीत, 2014 साली, आई बरोबर होती. 2021 मध्ये आई गेली. त्यानंतर 'ये म्हणा, येईन' असं चार वर्षं चाललं होतं, शेवटी या वर्षी तिकीट काढलं.

आणि या डेकचा रंग आईनं निवडलेला.

2014 च्या उन्हाळ्यात डेक राखाडी पडला होता. रंगाच्या दुकानात मी दोघांना घेऊन गेलो. भिंतीवर दीडशे तरी रंगांच्या लाकडी चकत्या. मी 'नॅचरल', 'हनी' असलं काही बघत होतो. आईनं एक चकती उचलली, तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "हा घे. काताचा रंग आहे." आमच्या घरी पानाचा डबा कायम उघडा, त्यातल्या काताच्या वडीसारखा तांबूस तपकिरी. डब्यावर कंपनीनं दिलेलं नाव वेगळंच होतं, पण घरात त्याला 'काताचा रंग' हेच नाव पडलं. बाबा आणि मी मिळून तो लावला, आई खुर्चीवर बसून कुठे राहिलं ते दाखवत होती. 2018 मध्ये त्याच रंगाचा दुसरा हात मी दिला. गराजमध्ये पाव डबा उरला होता.

तर आता नव्या फळ्या.

दुकानात प्रेशर ट्रीटेड पाइनचा ढीग असतो. उचलून पाहिली तर फळी दगडासारखी जड, हाताला गार आणि ओली, काही ठिकाणी टोकातून पाणी निथळत होतं. रंग हिरवट. घरी आणून जुन्या फळ्यांमध्ये एक ठेवून पाहिली. काताच्या रंगात हिरवी पट्टी, पोपट बसल्यासारखी.

माझी पहिली चूक इथे झाली. वाटलं, रंग लावला की हिरवेपणा झाकला जाईल. उरलेला पाव डबा ढवळला आणि त्याच संध्याकाळी एका फळीला लावून टाकला. दुसऱ्या दिवशी हात लावला तर चिकट. चौथ्या दिवशीही चिकट. आठवड्यानं पाऊस पडला आणि निम्मा रंग डागाडागांनी निघून गेला. जो उरला तो काताचा नव्हताच, गढूळ तपकिरी होता. कारण साधं आहे. हा रंग पेंटसारखा वर थर धरून बसत नाही, तो लाकडात मुरायला हवा, आणि आधीच पाण्यानं भरलेल्या लाकडात तो मुरणार कुठे? शिवाय तो अर्धपारदर्शक, म्हणजे खालचा रंग वर दिसणारच. तांबड्याखाली हिरवं आलं की तपकिरी चिखल तयार होतो, हे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो आणि विसरलो होतो.

दुकानात गेलो तर ती छटा कंपनीनं बंद केलेली. काउंटरवरच्या मुलानं मदत करायचा मनापासून प्रयत्न केला. जुन्या फळीचा तुकडा यंत्राखाली धरला आणि यंत्रानं सांगितलेला रंग मिसळून दिला. पण असं यंत्र भिंतीच्या घट्ट रंगासाठी ठीक. इथे ते वाचत होतं ते एकट्या रंगाचं रूप नव्हतंच. त्यात चोवीस वर्षांचं ऊन खाल्लेलं लाकूड, दोन हात रंग आणि वरचा मळ, सगळं एकत्र होतं. तो रंग ताज्या लाकडावर लावला तर विटेसारखा दिसला. असे दोन छोटे डबे विकत घेतले. दोन्ही अजून शेल्फावर आहेत, कोणाला हवे असतील तर घेऊन जा.

मग ठरवलं, जाऊ दे, सगळाच डेक सँडर भाड्यानं आणून घासून काढू आणि पहिल्यापासून एकच रंग देऊ. जुनं-नवं सगळं कोरं झालं की प्रश्नच मिटला. आईचा रंग जाईल याचं वाईट वाटत होतं, पण बाबांना यायला नऊ आठवडे उरले होते.

सँडर गाडीतून उतरवताना शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. ते निवृत्त बिल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. त्यांनी एकच विचारलं, "डेक कोणत्या सालातला?" मी म्हटलं 2001, आधीच्या मालकांनी बांधलेला, परमिटचा कागद आहे. ते म्हणाले, मग यंत्र परत नेऊन दे.

मंडळी, ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी हा भाग नीट वाचावा. अमेरिकेत 2003 च्या अखेरपर्यंत घरगुती डेक, झोपाळे, पिकनिक टेबलं यांसाठी मिळणारं बहुतेक ट्रीटेड लाकूड सीसीए या मिश्रणाचं होतं. सीसीए म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे सोमल, गोष्टीतलं विष. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक वाळवी आणि किडे मारतं, क्रोमियम दोघांना लाकडाच्या धाग्यांशी बांधून ठेवतं. पोलादी टाकीत लाकूड भरायचं, हवा खेचून घ्यायची आणि मग दाबाखाली हे पाणी आतपर्यंत घुसवायचं. 2002 साली कारखानदारांनी सरकारच्या पर्यावरण खात्याशी बोलून घरगुती वापरासाठीचं उत्पादन थांबवायचं कबूल केलं, आणि 2004 पासून दुकानात आर्सेनिक नसलेलं, तांब्याच्या जोरावर टिकणारं लाकूड आलं. म्हणजे माझ्या डेकच्या जुन्या फळ्या एका जातीच्या आणि नव्या सात दुसऱ्या. रंग जुळवणं कठीण जाणारच होतं.

असे जुने डेक उपटून फेका असं पर्यावरण खातं सांगत नाही. पण सीसीए लाकूड घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते आणि अंगणातल्या मातीत बसते. आमचा धाकटा त्याच मातीत गाड्या खेळतो. प्रेशर वॉशर नको. लाकूड उजळवणारी ब्लीच किंवा ऑक्सॅलिक अॅसिडची द्रावणंही नकोत, त्यांनी आतलं क्रोमियम जास्त विषारी रूपात सुटू शकतं. कापावंच लागलं तर बाहेर मोकळ्यावर, मास्क लावून, खाली ताडपत्री अंथरून, आणि भुसा गोळा करून कचऱ्यात. हे लाकूड शेकोटीत कधीही जाळू नका. तुकडे कुठे टाकायचे ते टाउनशिपला विचारा. आणि वर्षा-दोन वर्षांनी मुरणाऱ्या रंगाचा हात देत राहा, त्यानं विष बाहेर झिरपणं कमी होतं.

रात्री याबद्दल वाचत बसलो आणि एक गोष्ट समजली ती इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. हे मिश्रण आपल्याकडचं आहे. 1933 साली डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेसन यांनी ते तयार केलं. आर्सेनिकची रासायनिक खूण 'एएस' आणि तांब्याची 'सीयू', ती जोडून नाव ठेवलं 'आस्कू'. 1938 साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. सत्तर वर्षांनी ज्याच्यावर बंधन आलं त्याचं कौतुक करावं की नाही, मला ठरवता येईना. पण माझा डेक चोवीस वर्षं उभा होता तो त्या माणसामुळे, आणि सँडर परत करावा लागला तोही त्याच्याचमुळे.

नऊ वाजता बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेसहा, बाबा ओसरीवर चहा घेत होते. मी फोन फिरवून फळ्या दाखवल्या.

"अरे, याले तर मोरचूद मारला आहे!" बाबा म्हणाले.

मी हसलो. मग लक्षात आलं की ते शब्दशः बरोबर बोलत आहेत. संत्र्याच्या झाडाला बुडाशी डिंक्या लागू नये म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बोर्डो पेस्ट लावतात. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद वेगळा भिजवायचा, चुना वेगळा, आणि मग दोन्ही एकत्र ओतायचे. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही, कारण मोरचूद लोखंड खातो. जमिनीपासून अडीच-तीन फूट खोड निळंहिरवं करून टाकायचं. लहानपणी सुट्टीत हे काम माझ्याकडे होतं. सौंसर-पांढुर्णा भागात जूनच्या तोंडाशी कोणत्याही बागेत शिरा, झाडांनी हिरवे पायमोजे घातल्यासारखे दिसतात. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, आणि नव्या फळ्यांतला हिरवा रंगही तांब्याचाच. झाड आणि फळी, दोघांनाही भीती बुरशीचीच.

"मग हा रंग जातो का बाबा?"

"जातो ना. खोडावरचा नाही जात का पाण्या-उन्हानं? चार महिने जाऊ दे, भुरा होते."

"चार महिने नाहीत ना. तुम्ही जूनमध्ये येणार."

"मी काय फळ्या पाह्यले येऊन राहिलो का?"

मी काही बोललो नाही. मग तेच म्हणाले, "आपल्या माडीच्या फळ्या आठवतात का तुले?"

आमच्या बोरगावच्या घराला सागवानी फळ्यांची माडी आहे. मी चौथीत होतो त्या पावसाळ्यात वरची कवेलू फुटली आणि खिडकीजवळच्या पाच फळ्या कुजल्या. गावचे वाढई आले. बाबांनी नवं सागवान आणून ठेवलं होतं. रंध्याखालून निघालेलं नवं सागवान पिवळट, मध्येच हिरवट काळे पट्टे, आणि जुनी माडी तेलानं, पायांनी काळसर तांबूस झालेली. आजीला ते ठिगळ नको होतं, खिडकीपाशीच पाहुणे बसायचे. मला आठवत होता तो फक्त ठोकण्याचा आवाज. बाबांना पुढचं आठवत होतं. वाढईंनी नव्या फळ्या खिडकीपाशी लावल्याच नाहीत. त्यांनी ज्वारीची कोठी सरकवायला लावली, कोपऱ्यातल्या अंधारातल्या पाच जुन्या फळ्या काढल्या, त्या खिडकीपाशी बसवल्या आणि नव्या कोठीखाली टाकल्या. कोठी परत जागेवर. आजी खूश.

"मग कोठी विकली तेव्हा?"

"तेव्हा पिवळ्याच निघाल्या. तुझी आई म्हणे, असू द्या. तीन-चार वर्षांत उजेड लागला, तेल लागलं. आता मलेच सांगता येत नाही कोणत्या."

डेकचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. आमच्या डेकच्या उत्तरेच्या कडेला, जिथे ग्रिल आणि कुंड्यांचा मांडव आहे, तिथे कोणी चालत नाही. तिथल्या फळ्या चांगल्या होत्या आणि त्यांवरही आईचाच रंग होता. त्या काढून दाराजवळ आणि पायऱ्यांपाशी आणायच्या, आणि नव्या सातही एकत्र कडेला लावायच्या. मध्येच एक हिरवी, मग दोन तपकिरी, मग परत हिरवी असं झालं की डोळा तिथेच अडकतो. कडेला सलग सात असल्या की ती किनार वाटते, साडीच्या काठासारखी.

दुसराही फायदा होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. ओली नवी फळी जुनीपेक्षा थोडी जाड आणि जवळजवळ पाव इंच रुंद असते. चालायच्या वाटेत ती बसवली असती तर वर आलेली कड राहिली असती, आणि बाबा काठी घेऊन चालतात.

काम एका शनिवारचं नव्हतं, तीन वीकेंड गेले. जुनी फळी काढताना घाई केली की ती खिळ्याशी चिरते. चपटी पहार वाशाजवळच घालायची, थोडं उचलायचं, पुढच्या वाशाकडे जायचं, असं टोकापर्यंत. खिळे वर आले की मगच उपटायचे. तरी नऊ काढल्या तेव्हा सात वाचल्या. त्या दोन मोडक्यांमुळे कडेला नव्या नऊ बसवाव्या लागल्या, म्हणजे शीर्षकातला आकडा खोटा आहे, पण तोपर्यंत घरात 'सात फळ्या' हेच नाव झालं होतं. वासे सगळीकडे 16 इंचांवर असल्यानं जुनी भोकंसुद्धा बरीचशी बरोबर वाशावर आली.

नव्या फळ्या ओल्या असल्या तर एकमेकींना चिकटवून बसवा. वाळल्या की आकसतात आणि फट आपोआप पडते. मी पहिल्या दोन फळ्यांत हौसेनं खिळ्याएवढी फट ठेवली, आता तिथून चमचा खाली पडतो. स्क्रू हॉट डिप गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. नव्या लाकडात तांबं भरपूर असतं आणि साध्या लोखंडाचं ते काय करतं हे बाबांच्या बोर्डोच्या बादलीनं सांगितलंच आहे. कापलेल्या टोकांना तांब्याचं प्रिझर्व्हेटिव्ह ब्रशनं लावा, कारण कारखान्यातला दाब लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचलेला नसतो. हे तीन मुद्दे मी पटापट सांगतोय, पण डेक टिकतो तो यांच्यावर.

मग थांबणं. दर रविवारी नव्या फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर लाकूड रंग घेणार नाही. दहा मिनिटांत मुरले तर घेईल. एप्रिलमध्ये उभे, मेमध्ये उभे. कारखान्यात ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेल्या फळ्याही मिळतात, महाग पडतात पण त्यांना लवकर रंग देता येतो. हे मला मेमध्ये समजलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा आले तेव्हा कडेच्या फळ्या हिरव्याच होत्या, थोड्या फिकट. विमानतळावरून घरी आलो, चहा झाला, आणि ते डेकवर गेले. दाराजवळच्या फळ्यांवर काठी टेकवत दोन-तीन पावलं चालले. कडेकडे पाहिलंच नाही. खुर्ची 2014 मध्ये आई बसायची तिथे होती, ती त्यांनी थोडी बाजूला सरकवली आणि दुसरीवर बसले.

त्यानंतर थेंबांचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलं. सकाळी उठून तांब्यातलं पाणी बोटानं शिंपडायचं आणि घड्याळ बघत बसायचं. नातवाला सोबत घेतला. "आबा, मुरलं!" अशी आरोळी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आली. फळ्यांचा हिरवेपणा तोपर्यंत गेला होता, फिकट मधासारख्या झाल्या होत्या.

रंग या वेळी यंत्राला विचारला नाही. नव्या फळ्यांचे उरलेले पाच तुकडे महिनाभर उन्हात ठेवले होते, डेकवरच, म्हणजे त्यांचं वय फळ्यांएवढंच. एकाच कंपनीचे दोन तयार रंग घेतले, एक तांबडा सीडर, एक गडद अक्रोड. पहिल्या तुकड्यावर नुसता तांबडा, दुसऱ्यावर तीन भाग तांबडा एक भाग अक्रोड, असं करत पाचव्यावर नुसता अक्रोड. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं प्रमाण लिहिलं. ओला रंग बघून कधी ठरवू नका, दोन दिवस जाऊ द्या, आणि सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात पाहा. दुपारी बारा वाजता जो तुकडा हुबेहूब वाटत होता तो सहा वाजता जांभळट दिसला.

बाबांनी तिसरा उचलला. आईनं केलं तसं तळहातावर ठेवला. मी विचारलं, "काताचा आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "चुना जास्त झाला तर होते तसा आहे."

तोच घेतला, अक्रोड किंचित वाढवून.

एक प्रश्न राहिला होता. नवा रंग फक्त नव्या फळ्यांना द्यायचा की सगळ्या डेकला? सगळ्याला दिला तर जुनं-नवं आणखी जवळ येणार होतं, आणि सीसीए फळ्यांना हात देणं तसंही गरजेचं होतं. पण मग आईनं निवडलेला रंग कुठेच उघडा राहणार नव्हता. मी दोन दिवस ब्रश हातात घेतला नाही. फक्त नव्या फळ्या रंगवल्या आणि कारण सांगितलं नाही. बाबांनी ते ओळखलं असावं. संध्याकाळी म्हणाले, "तुझी आई दर दिवाळीले घराले पोतारा मारत होती. जुना थर कुठं राखून ठेवला तिनं? लाव."

जुन्या फळ्या साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुतल्या, तीन दिवस वाळू दिल्या आणि सगळ्या डेकला तोच रंग दिला. पातळ हात. मुरला नाही तो पंधरा मिनिटांत फडक्यानं पुसून घेतला. तेलाच्या रंगाची अशी फडकी गोळा करून गराजमध्ये टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून बाहेर वाळवा आणि मग फेका. दाराच्या उंबऱ्यापाशी, पायपुसण्याखाली, वीतभर जागा मी रंगवली नाही. ती विसरल्यामुळे राहिली असं मी घरात सांगितलं आहे.

जुळलं का? संध्याकाळी, थोडा पाऊस पडून गेल्यावर, जुळतं. दुपारच्या उन्हात कडेच्या नऊ फळ्या अजून छटाभर उजळ दिसतात, कुठे काय केलं ते जाणकाराला लगेच कळेल. शेजारचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी आधी स्क्रू पाहिले, मग पन्हाळीचा पाइप वळवलाय का ते पाहिलं. रंगाबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी कडेच्या फळ्यांना आणखी एक हात देणार आहे. पाइप वळवायचा राहिला होता, तो त्यांनी दाखवल्यावर त्याच दिवशी वळवला.

बाबा पोळ्याच्या आत परत गेले. बैल विकून बारा वर्षं झाली, पण पोळ्याला घरी नाही असं त्यांना चालत नाही. आता रविवारी फोन असतो. तिकडे संत्र्याला पावसाळ्यानंतरची पेस्ट लावून झाली आहे, मजूर मिळत नव्हते म्हणून आठ दिवस उशिरा. सगळं सांगून झालं की फोन ठेवण्याआधी ते विचारतात, "पाऊस झाला का तिकडे? थेंब उभा राहते का मुरते?"

उभा राहतो म्हणून सांगतो. रंग लावल्यानंतर तो उभाच राहायला हवा.